जुन्या लॅपटॉपवर मुक्तस्रोत परिचालन प्रणालीची स्थापना व जुळणी : डेबियनच्या आधारे एक विवेचन

सारांश :
महाविद्यालयीन प्राध्यापकांकडील अनेक लॅपटॉप यंत्र म्हणून सुस्थितीत असूनही केवळ त्यांवरील परिचालन प्रणालीचा आधार संपल्यामुळे निरुपयोगी ठरवले जातात. अशा यंत्रावर डेबियन ही मुक्तस्रोत प्रणाली कशी बसवावी, बसवण्यापूर्वी कोणती खातरजमा करावी आणि बसवल्यानंतर मराठी लेखनासाठी कोणती जुळणी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. प्रत्यक्ष स्थापनेपेक्षा तिच्या आधीचे परीक्षण, विशेषतः अ-युनिकोड फाँटमधील जुन्या मराठी लेखनाचे रक्षण, अधिक निर्णायक असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मुक्तस्रोत, लिनक्स, डेबियन, युनिकोड, इनस्क्रिप्ट, राखीव प्रत

१. प्रस्तावना

'लॅपटॉप जुना झाला' असे म्हणताना दोन भिन्न गोष्टींची सरमिसळ होते. पहिली गोष्ट म्हणजे यंत्राची झीज. बॅटरी उतरते, पंख्यात धूळ साचते, हार्ड डिस्क कुरकुरू लागते. दुसरी गोष्ट म्हणजे परिचालन प्रणालीला निर्मात्याकडून मिळणारा आधार संपणे. पहिली गोष्ट यंत्राच्या आत घडते, तर दुसरी बाहेर, एखाद्या कंपनीच्या वेळापत्रकात घडते.

विंडोज १० ही प्रणाली जुलै २०१५ मध्ये आली आणि तिचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मर्यादित मुदतीच्या वाढीव योजनेत जी यंत्रे नाहीत, त्यांना तेव्हापासून सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळेनाशा झाल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटची सोय, टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि निर्मात्याच्या यादीतील प्रोसेसर आवश्यक आहे. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. परिणामी २०१२ किंवा २०१५ साली घेतलेला, टंकलेखन, अध्यापन व आंतरजाल या कामांना अद्यापि पुरेसा असणारा लॅपटॉप एकाएकी 'कालबाह्य' ठरतो.

अशा वेळी तीन मार्ग उरतात : नवे यंत्र घेणे, दुरुस्त्यांविना जुनी प्रणाली वापरत राहणे किंवा प्रणाली बदलणे. पहिला मार्ग खर्चिक आहे व ई-कचऱ्यात भर घालणारा आहे. दुसरा मार्ग विद्यार्थ्यांचे गुण, प्रश्नपत्रिका व संशोधनाची सामग्री ज्या यंत्रात आहे त्याच्या दृष्टीने धोक्याचा आहे. प्रस्तुत लेखात तिसऱ्या मार्गाचा विचार केला आहे.

२. पार्श्वभूमी

परिचालन प्रणाली म्हणजे यंत्राचे घटक आणि उपयोजकाची कामे यांच्यामधील व्यवस्थापक होय. मुक्तस्रोत प्रणालीत तिची मूळ आज्ञावली पाहण्याची, बदलण्याची व पुनर्वितरित करण्याची मुभा परवान्यानेच दिलेली असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स हा गाभा प्रसिद्ध केला. या दोहोंच्या संयोगातून पूर्ण प्रणाली उभ्या राहिल्या. त्यांपैकी डेबियनची सुरुवात इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये केली. उबंटू ही प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे.

भारतातही या परंपरेशी नाते जुने आहे. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही प्रणाली डेबियनवर आधारित आहे. केरळ राज्याने शालेय संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले. केंद्र शासनाने २०१५ मध्ये शासकीय कामकाजासाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमातून अशा सॉफ्टवेअरचे प्रशिक्षण भारतीय भाषांतून उपलब्ध झाले आहे.

जुन्या यंत्रासाठी येथे डेबियनची निवड करण्याचे कारण तिची दीर्घ आधारमुदत व मोजकी गरज हे आहे. डेबियन १३ ही आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. प्रत्येक आवृत्तीस तीन वर्षे पूर्ण आधार व पुढे दोन वर्षे दीर्घकालीन सुरक्षा-आधार दिला जातो. या हिशेबाने आवृत्ती १३ चा उपयोग २०३० पर्यंत करता येतो आणि त्यानंतर शुल्काविना पुढील आवृत्तीवर जाता येते.

३. यंत्राचे पूर्वपरीक्षण

पहिला प्रश्न प्रोसेसरचा आहे. डेबियन १३ पासून ३२-बिट प्रोसेसरसाठी स्थापनेची सोय बंद झाली. २००८-०९ च्या सुमारास आलेल्या छोट्या नेटबुकांतील अ‍ॅटम एन २७० सारखे प्रोसेसर केवळ ३२-बिट आहेत. अशा यंत्रावर नवी स्थापना करण्याचा खटाटोप करू नये. मात्र यंत्रावर सध्या ३२-बिट विंडोज आहे एवढ्यावरून प्रोसेसरही ३२-बिट आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. ६४-बिट प्रोसेसरवर ३२-बिट प्रणाली बसवलेली असणे हे त्या काळी सर्रास आढळत असे.

दुसरा प्रश्न स्मृतीचा आहे. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप स्वतः काही शेकडो मेगाबाइट स्मृतीत चालतो. खरी स्मृती लागते ती ब्राउझरला. म्हणून २ जीबी स्मृतीवर यंत्र सुरू झाले तरी आठ-दहा पाने उघडताच ते अडखळते. ४ जीबीवर नेहमीचे काम निभते, तर ८ जीबीवर ते सुखाने होते.

तिसरा प्रश्न साठवणीचा आहे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी २.५ इंची साटा एसएसडी बसवणे हा जुन्या यंत्राच्या बाबतीत सर्वाधिक फलदायी खर्च होय. यंत्र सुरू होण्यास लागणारा वेळ त्यामुळे लक्षणीय घटतो. शिवाय मूळ डिस्क जशीच्या तशी बाजूला ठेवता येते. प्रयोग फसल्यास ती पुन्हा बसवून पूर्वस्थितीत परतणे शक्य होते. ज्यांना काहीही गमावण्याची भीती वाटते, त्यांच्यासाठी हा एकच उपाय अनेक शंकांचे निरसन करतो.

या तीन बाबींखेरीज दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी तपासाव्यात. बॅटरी फुगलेली असल्यास यंत्र वापरू नये. ती आधी काढून योग्य रीतीने ई-कचऱ्यात द्यावी. तसेच यंत्र प्रत्येक वेळी जुनीच तारीख दाखवत असल्यास मदरबोर्डवरील घड्याळाचा सेल संपलेला असतो. तारीख चुकीची असली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे व अद्ययावतीकरणाच्या स्वाक्षऱ्या अग्राह्य ठरतात आणि स्थापनेत दोष असल्याचा भास होतो. वस्तुतः दोष काही रुपयांच्या सेलचा असतो.

४. राखीव प्रत आणि जुन्या फाँटचा प्रश्न

संपूर्ण डिस्क वापरण्याचा पर्याय निवडून पुष्टी दिली की तीवरील पूर्वीची सामग्री पुसली जाते. म्हणून स्थापनेपूर्वी सर्व फाइलींची राखीव प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी, ती दुसऱ्या संगणकावर जोडून काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात आणि मगच पुढे जावे. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे.

मराठीतून लेखन करणाऱ्या प्राध्यापकांसाठी मात्र एवढ्याने भागत नाही. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी, आणि त्यानंतरही बराच काळ, मराठी टंकलेखन विशिष्ट फाँटवर आधारलेले होते. अशा फाइलीत 'क' हे अक्षर 'क' म्हणून साठवलेले नसते. तेथे एखाद्या रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाच्या जागी फाँट 'क' चे चित्र दाखवतो. फाँट उपलब्ध नसला की पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटते. फाइल शाबूत असते, तिची प्रतही बिनचूक असते, पण मजकूर वाचता येत नाही. पंधरा वर्षांपूर्वीचा प्रबंध, व्याख्यानांची टिपणे किंवा स्थानिक इतिहासाच्या मुलाखती अशा स्थितीत सापडल्या, तर ते नुकसान यंत्राच्या किमतीहून कितीतरी मोठे असते.

म्हणून जुनी प्रणाली अजून चालू असतानाच तीन कामे करावीत. एक, अशा प्रत्येक फाइलीची पीडीएफ काढावी. पीडीएफमध्ये फाँटची अक्षरचित्रे अंतर्भूत होत असल्याने पान जसेच्या तसे वाचता येते. दोन, ज्या मजकुरावर पुढे काम करायचे आहे तो परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा व मुळाशी ताडून पाहावा. जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व इकार या ठिकाणी परिवर्तनात चुका होण्याचा संभव अधिक असतो. तीन, मूळ फाइलही जपून ठेवावी आणि ती कोणत्या फाँटमध्ये आहे याची नोंद करावी. विकत घेतलेल्या टंकलेखन सॉफ्टवेअरसोबत आलेले फाँट दुसऱ्या प्रणालीवर नेण्यास त्याच्या परवान्याची अनुमती आहे का, हेही पाहणे आवश्यक आहे.

५. स्थापनेपूर्वीची चाचणी

डेबियनच्या अधिकृत संकेतस्थळावरून दोन प्रकारच्या प्रतिमा-फाइली घेता येतात. 'लाइव्ह' प्रतिमेतून संपूर्ण प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालते आणि डिस्कला हात लावला जात नाही. 'नेटइन्स्ट' ही लहान प्रतिमा स्थापनेपुरती असून उर्वरित भाग आंतरजालावरून घेते. दोहोंसाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरेसा ठरतो. फाइल उतरवल्यानंतर तिची तपासबेरीज संकेतस्थळावरील तपासबेरजेशी जुळते का, हे पाहावे. अपुरी उतरलेली प्रतिमा हे स्थापना मध्येच थांबण्याचे एक कारण असते. प्रतिमा पेनड्राइव्हवर नुसती उतरवून ठेवणे पुरेसे नसते. ती लेखन-साधनाच्या मदतीने 'लिहावी' लागते आणि त्यात पेनड्राइव्हवरील आधीची सामग्री पुसली जाते.

यंत्र सुरू करताना बूट-सूची उघडून पेनड्राइव्ह निवडावा. सूची उघडण्याची कळ निर्मात्यानुसार बदलते. एफ १२, एफ ९ किंवा एस्केप या त्यांपैकी नेहमीच्या होत. लाइव्ह प्रणाली सुरू झाल्यावर वाय-फाय, ध्वनी, टचपॅड, कॅमेरा, पडद्याची उजळता आणि झाकण मिटल्यावर यंत्र झोपी जाऊन पुन्हा जागे होणे, हे सर्व तपासावे. वर्गातील प्रोजेक्टर जोडून पाहावा. विभागातील प्रिंटरवर एक पान छापून पाहावे. ही अर्ध्या तासाची चाचणी नंतरचे अनेक दिवस वाचवते.

वाय-फाय हा जुन्या यंत्रांतील परिचित अडथळा आहे. अनेक वाय-फाय चकत्यांना निर्मात्याने दिलेले फर्मवेअर लागते आणि ते मुक्तस्रोत नसते. डेबियनने २०२२ मध्ये मतदानाने निर्णय घेऊन २०२३ च्या आवृत्ती १२ पासून असे फर्मवेअर अधिकृत संस्थापकात समाविष्ट केले. त्यामुळे अडचण बरीच कमी झाली. तथापि ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चकत्यांना अजूनही वेगळी जुळणी लागते. अशा वेळी नेटवर्क केबल किंवा यूएसबी केबलने जोडलेला मोबाइल तात्पुरता उपयोगी पडतो.

६. प्रत्यक्ष स्थापना

नेटइन्स्टच्या आरंभीच्या सूचीतून चित्रमय संस्थापक निवडावा. संस्थापकाची भाषा म्हणून मराठीही निवडता येते. मात्र देवनागरी अक्षरे चित्रमय संस्थापकातच दिसतात, केवळ-मजकूर संस्थापकात नाही. भविष्यात मदत शोधताना इंग्रजीतील संदेशांचा अधिक उपयोग होत असल्याने काहीजण प्रणालीची भाषा इंग्रजी, देश भारत आणि लेखनासाठी मराठी अशी योजना पसंत करतात. दोन्ही पर्याय ग्राह्य आहेत.

यानंतर व्यवस्थापकाचा, म्हणजे 'रूट'चा, परवलीचा शब्द विचारला जातो. ही जागा रिकामी ठेवल्यास रूट खाते बंद राहते आणि पहिल्या उपयोजकास स्वतःच्या परवलीच्या शब्दाने व्यवस्थापनाचे अधिकार मिळतात. एकाच व्यक्तीच्या लॅपटॉपसाठी ही व्यवस्था सोयीची आहे.

डिस्कची विभागणी ही स्थापनेतील सर्वांत महत्त्वाची पायरी होय. येथे मुख्यतः तीन पर्याय संभवतात.

(अ) संपूर्ण डिस्क डेबियनला देणे : हा सर्वांत सरळ पर्याय असून जुन्या, लहान डिस्कच्या यंत्रासाठी तोच योग्य ठरतो.

(आ) संपूर्ण डिस्क कूटबद्ध करून देणे : लॅपटॉप हरवल्यास त्यातील गुणपत्रके वा मुलाखती परक्याच्या हाती लागत नाहीत. परंतु परवलीचे वाक्य विसरल्यास ती स्वतः उपयोजकालाही कायमची अप्राप्य होतात. तसेच कूटलेखनासाठी विशेष सोय नसलेल्या, साधारणतः २०१० पूर्वीच्या प्रोसेसरवर यंत्र मंदावते.

(इ) विंडोजसोबत डेबियन बसवणे : यात विंडोजची 'जलद आरंभ' ही सोय आधी बंद करावी लागते. अन्यथा तिचा विभाग अर्धवट बंद अवस्थेत राहतो व त्यावर लिहिणे असुरक्षित ठरते. डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध असल्यास पुनर्प्राप्तीची कळ कागदावर उतरवून ठेवावी. दोन्ही प्रणाली एकाच पद्धतीने, दोन्ही युईएफआयने किंवा दोन्ही जुन्या बायोस पद्धतीने, सुरू होणाऱ्या असाव्यात. या मांडणीत घड्याळ साडेपाच तासांनी मागेपुढे झालेले दिसते. याचे कारण असे की यंत्रातील घड्याळ विंडोज स्थानिक वेळेचे मानते, तर लिनक्स जागतिक प्रमाणवेळेचे. भारतीय वेळ त्याहून ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. दोहोंपैकी एकीची समजूत बदलली की प्रश्न सुटतो.

पुढील टप्प्यात डेस्कटॉप निवडायचा असतो. ग्नोम व केडीई हे संपन्न आहेत. जुन्या यंत्रासाठी मात्र एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी किंवा मेट यांपैकी एक निवडणे श्रेयस्कर. शेवटी ग्रब हा बूटलोडर बसतो, पेनड्राइव्ह काढला जातो आणि यंत्र नव्या प्रणालीत सुरू होते.

७. स्थापनेनंतरची जुळणी

प्रथम सर्व अद्ययावत दुरुस्त्या घ्याव्यात व सुरक्षाविषयक दुरुस्त्या आपोआप बसतील अशी योजना करावी. प्रणाली बदलण्याचे मूळ प्रयोजनच ते आहे.

स्मृती कमी असलेल्या यंत्रावर 'झेडरॅम' ही सोय सुरू करावी. तीत स्मृतीतील सामग्री आकुंचित करून तेथेच ठेवली जाते. त्यामुळे डिस्कवरील मंद अदलाबदल टळते. डेबियन १३ मध्ये तात्पुरत्या फाइलींची निर्देशिका डिस्कऐवजी स्मृतीत ठेवली जाते व ती कमाल निम्म्या स्मृतीपर्यंत वाढू शकते. मोठ्या ध्वनी किंवा चित्रफाइलींवर काम करणाऱ्यांनी ही मूळ मांडणी बदलून घ्यावी.

मराठी लेखनासाठी दोन मार्ग आहेत. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रमाणित केलेला इनस्क्रिप्ट कळफलक प्रणालीच्या कळफलक-सूचीतच मिळतो, त्यासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर लागत नाही. ज्यांना उच्चारानुसारी टंकलेखनाची सवय आहे, त्यांनी आयबस व त्यासोबतचा एम१७एन हा संच बसवावा. त्यात इनस्क्रिप्टबरोबरच ध्वन्यात्मक पद्धती, तसेच मराठी आंतरजालावर परिचित असलेली 'गमभन' पद्धतीही आहे.

लिब्रेऑफिसमध्ये भाषाविषयक पर्यायांत संमिश्र लिपीची सोय सुरू करून मराठी ही मूळ भाषा ठरवावी. या सॉफ्टवेअरमध्ये रोमन व देवनागरी मजकुराचे फाँट आणि आकार स्वतंत्रपणे ठरतात. हे ध्यानात न घेतल्यास फाँट बदलूनही देवनागरी अक्षरे जशीच्या तशी राहतात व उपयोजक गोंधळतो. भाषा मराठी ठरवल्याने, ज्या फाँटमध्ये तशी योजना आहे तेथे, 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे मिळतात. 'दऱ्या', 'तऱ्हा' यांसारख्या शब्दांतील अर्धा र नीट उमटतो का, हे टंकून पाहावे. कळफलक आणि फाँट या दोहोंची ती उत्तम परीक्षा आहे.

इतरांकडून आलेल्या वर्ड-फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, परंतु तक्ते व पानांची मांडणी काही वेळा सरकते. म्हणून अंतिम मजकूर पीडीएफमध्ये पाठवणे आणि स्वतःच्या संग्रहासाठी २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक असलेले ओडीएफ स्वरूप वापरणे हिताचे ठरते. संदर्भ-व्यवस्थापनासाठी झोटेरो, संख्याशास्त्रीय विश्लेषणासाठी आर व पीएसपीपी, गणिती लेखनासाठी लाटेक ही साधने डेबियनवर चालतात.

८. मर्यादा

प्रत्येक जुन्या लॅपटॉपवर आणि प्रत्येक उपयोजकासाठी हा मार्ग योग्य आहे, असे म्हणता येत नाही. लेखाकर्म, ग्रंथालय-व्यवस्थापन वा परीक्षाविषयक काही सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालतात. डिजिटल स्वाक्षरीच्या काही साधनांना लिनक्ससाठी चालक उपलब्ध नसतात. काही स्वस्त लेझर प्रिंटर निर्मात्याच्या स्वतंत्र चालकाविना मुके राहतात. ज्याचे नित्याचे काम अशा साधनांवर अवलंबून आहे, त्याने आधी लाइव्ह प्रणालीवर खात्री करून घ्यावी किंवा त्या कामापुरते दुसरे यंत्र ठेवावे.

दुसरी मर्यादा मानवी आहे. विभागातील एखादा उत्साही सहकारी सर्वांची यंत्रे बदलून देतो आणि त्याची बदली किंवा निवृत्ती झाल्यावर ती यंत्रे पोरकी होतात. हे टाळण्यासाठी प्रत्येक यंत्रासाठी एक नोंदवही ठेवावी. स्थापनेची तारीख, आवृत्ती, विभागणी, केलेली खास जुळणी व राखीव प्रत कोठे आहे, एवढी माहिती तीत असली तरी दुसरी व्यक्ती काम पुढे नेऊ शकते. परवलीची वाक्ये मात्र या वहीत न लिहिता बंद पाकिटात स्वतंत्र ठेवावीत.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. (१) लॅपटॉपचे आयुष्य त्याच्या प्रणालीच्या आधारमुदतीवरून ठरवणे योग्य नाही. ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी स्मृती आणि एसएसडी असलेले दहा-बारा वर्षांचे यंत्रही अध्यापन व लेखनासाठी सुरक्षितपणे वापरता येते. (२) स्थापनेची प्रक्रिया स्वतः अवघड राहिलेली नाही. यशापयश ठरते ते राखीव प्रत आणि लाइव्ह चाचणी या आधीच्या पायऱ्यांवर. (३) मराठी प्राध्यापकांच्या बाबतीत अ-युनिकोड फाँटमधील लेखन हा स्वतंत्र व तातडीचा प्रश्न आहे. यंत्र बदलो वा प्रणाली बदलो, ज्या दिवशी तो फाँट वाचणारा शेवटचा संगणक बंद पडेल त्या दिवशी ते लेखन हरवेल. (४) मुक्तस्रोत प्रणालीत परवाना-शुल्क नसते, पण जबाबदारी असते. ती नोंदी, प्रशिक्षण व परस्परसाहाय्य यांद्वारे विभागाने वाटून घेतल्यास हा बदल टिकाऊ ठरतो.

त्यामुळे जुना लॅपटॉप भंगारात देण्याचा किंवा त्यावर नवी प्रणाली बसवण्याचा निर्णय घेण्यापूर्वी, त्यातील जुन्या मराठी फाइली उघडून त्या कोणत्या फाँटमध्ये आहेत हे पाहणे, हे प्रत्येक विभागाने हाती घ्यावयाचे पहिले काम होय.